फॅट चार पॉइंट दोन

माझं शिवणकामाचं दुकान आमच्या वाडीच्या दूध डेअरीच्या अगदी समोर आहे. मशीनवर बसलं की डेअरीचा कट्टा, वजनकाटा आणि काट्यामागचे बहिरूभाऊ मान न वळवता दिसतात. त्यामुळे मी सांगतेय ते ऐकीव नाही. थोडं आहे ऐकीव, पण तेही चंद्रावहिनींकडून, म्हणजे बहिरूभाऊंच्या बायकोकडून. आणि नवऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणं हे काही त्यांच्या स्वभावात नाही.

घोटावड्याच्या पलीकडच्या आमच्या दोन-तीन वाड्यांचं दूध गोळा करायला लागून बहिरूभाऊंना अठ्ठावीस वर्षं झाली. माणूस सरळ. इतका सरळ की त्याच्याशी नातं टिकवणं अवघड. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी सासऱ्याचा कॅन पाणी आहे म्हणून परत पाठवला होता. चंद्रावहिनींनी पुढे सहा महिने त्यांना कोरा चहा दिला. कुणाच्या लग्नात जेवायला बसले की बासुंदीची वाटी नाकाशी नेऊन "आरारूट हाय" असं म्हणायचे, तेही नवरीच्या बापाला ऐकू जाईल असं. देवळात हातावर दुधाचं तीर्थ पडलं तर पुजाऱ्याला सांगायचे, "म्हशीचं हाय, पण ताजं हाय."

डेअरीत फॅटचं मशीन आलं त्याला बरीच वर्षं झाली. नळी दुधात घातली की मशीन घर्र करतं आणि फॅट किती, पाणी किती याची चिठ्ठी बाहेर टाकतं. तरी बहिरूभाऊ आधी करंगळी बुडवून चाखणार, मनात एक आकडा धरणार आणि मगच मशीनला विचारणार. दोघांचं जमलं नाही तर ते मशीन पुसायचे.

आणखी एक. बाईमाणसाकडे वर बघून बोलायचं त्यांना फार अवघड जायचं. ते किटलीकडे बघून बोलायचे. एकदा माझी बहीण माझी किटली घेऊन गेली, तर तिला म्हणाले, "गुडघा कसा हाय आता?" गुडघा माझा दुखत होता. बहीण म्हणाली, "बरा आहे," आणि आली.

तर मागच्या वर्षी जुलै संपत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळची साडेसहाची वेळ, रांग लागलेली. रांगेत सगुणाबाई उभ्या होत्या. हातात किटली नव्हती, पदराखाली स्टीलचं फुलपात्र होतं. त्यांच्या मागे लीलाबाई. या दोघी सख्ख्या जावा. एकीनं तुळस लावली की दुसरी दोन लावणार, असं चाळीस वर्षं चाललेलं. त्यात देवाची करणी अशी, की दोघींना नातवंडं झाली तीही महिन्याभराच्या अंतरानं. लीलाबाईंना आधी नातू झाला, ओम. मग सगुणाबाईंना नात झाली, सृष्टी.

ओमची आई रेश्मा बाळंतपणात फार आजारी पडली होती. दहा-बारा दिवस दवाखान्यात होती, दूध आलंच नाही, म्हणून डॉक्टरांनी ओमला डब्याचं दूध सुरू केलं. लीलाबाईंना ते पटलं नाही. त्यांनी रेश्माला हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, शतावरी, जे कुणी सांगेल ते सगळं खाऊ घातलं. रेश्माचं वजन अकरा किलोनं वाढलं, दूध काही आलं नाही.

सृष्टीची आई स्नेहल हिंजवडीला कंपनीत नोकरीला, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती. ती सहा महिने फक्त अंगावरचंच पाजणार म्हणून ठाम होती. मग सगुणाबाईंना डबा हवा होता. त्यांच्या बावधनच्या बहिणीचा नातू डब्यावर वाढलेला. "कसा भोपळ्यासारखा हाय!" असं त्या सांगायच्या, आणि इकडे सृष्टी रडली की म्हणायच्या, "दूधच पातळ हाय हिचं. निळं दिसतंय."

म्हणजे ज्या घरात डबा तिथल्या सासूला अंगावरचं हवं, आणि ज्या घरात अंगावरचं तिथल्या सासूला डबा. सुना मात्र दोघी मैत्रिणी. दुपारी पोरं निजली की गच्चीत बसून एकमेकींना आपापल्या सासूचं सांगायच्या.

सगुणाबाईंचा नंबर आला. त्यांनी फुलपात्र पुढे सरकवलं.

"भावजी, एवढं तपासा."

"शेळीचं?" बहिरूभाऊंनी फुलपात्राला विचारलं.

"तुमी तपासा तर."

बहिरूभाऊंनी सवयीनं करंगळी बुडवली आणि तोंडात घातली. डोळे मिटले. पुन्हा बुडवली.

"ग्वाड हाय लई," ते म्हणाले. "शेळी न्हाई. म्हैस तर न्हाईच. चारा काय घालता?"

"बाजरीची भाकरी. मेथीचे लाडू."

"गाईला?"

"गाय कुटली? आमची स्नेहल हाय!"

मी कात्री खाली ठेवली. बहिरूभाऊंची करंगळी तोंडातच राहिली होती. ती बाहेर काढायची कशी हेच त्यांना कळेना. मग ते उठले, नळावर गेले आणि गुळण्या करायला लागले. मी मोजल्या, चौदा झाल्या. तेवढ्यात सगुणाबाईंनी आपल्या हातानं मशीनची नळी फुलपात्रात घातली, मशीन घर्र झालं आणि चिठ्ठी बाहेर आली. स्नेहलनं पंपानं काढून फ्रिजमध्ये ठेवलेल्या बाटलीतलं दूध होतं ते, तिला न विचारता आणलेलं.

"किती आलं?" लीलाबाईंनी मागून मान लांब केली.

फॅट चार पॉइंट दोन. त्या दिवशी सकाळपासून एकाही गाईचं चारच्या वर गेलं नव्हतं.

सगुणाबाईंचा चेहरा पडला. "मशीन बिघडलंय," त्या म्हणाल्या. पण तोवर लीलाबाईंनी चिठ्ठी उचलून तिचा फोटो काढला होता. त्यांना हवा होता तो पुरावा आयताच जावेनं आणून दिला होता. आठच्या आत तो फोटो वाडीच्या ग्रुपवर होता, खाली लिहिलेलं: "आईच्या दुधाला तोड नाही. आता तरी डोळे उघडा." हे रेश्मासाठी होतं.

घरी स्नेहल चिडली, आणि चिडावंच. "आई, फ्रिजमधली बाटली उचलून तुम्ही डेअरीत नेली? ते माझं आहे, पर्सनल आहे!" पण थोड्या वेळानं तिनं चिठ्ठीचा फोटो मोठा करून पाहिला आणि मला फोन केला. "मावशी, चार पॉइंट दोन म्हणजे चांगलं असतं का?"

"चांगलं म्हणजे? इथं पहिला नंबर आहे तुझा."

"अच्छा," ती म्हणाली. आवाजात जरा ऐट आली होती.

खरे हाल झाले ते बहिरूभाऊंचे. आमच्या लोकांना तेवढंच पाहिजे असतं. स्नेहल रस्त्यानं चालली की कट्ट्यावरची माणसं म्हणायची, "बहिरू, आई चालली बघ, पाया पड." चंद्रावहिनींनी तर त्यांना जेवायला वाढताना विचारलं, "आता मला सासू म्हनून स्नेहलचं ऐकावं लागंल का?" बहिरूभाऊ चार दिवस दूध न चाखता घेत होते. पाचव्या दिवशी आमच्या वाडीच्या आशा सेविका शीतलताई डेअरीसमोरून चालल्या होत्या, त्यांना त्यांनी हाक मारली. बाईला स्वतःहून हाक मारलेली मी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकली.

"ताई, एक विचारू का? पातळ दूध म्हंजी वाईट दूध का?"

शीतलताई थांबल्या. "तुमच्याकडे गाईची धार काढताना पहिलं दूध कसं येतं?"

"पातळ. शेवटाला दाट."

"मग तसंच. बाळाला पुरेसा वेळ पिऊ दिलं की सगळं मिळतं. आणि रंग तर बदलतोच. मशीन कशाला पाहिजे? बाळाचं वजन वाढतंय, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात, मग दूध पुरतंय."

"आणि रेश्माचं?"

"तिला आलं नाही. डॉक्टरांनी डबा दिलाय. पाणी उकळून, माप बरोबर ठेवून, भांडी स्वच्छ ठेवून करते बिचारी. तिला लाडू नकोत, झोप हवीय."

बहिरूभाऊंनी मान हलवली आणि ते वजनकाटा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते.

आता इथं इंद्रजित आला. डेअरीचा चेअरमन, पस्तिशीचा, पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी. त्याला वाटलं, विषय गाजतोय तर कार्यक्रम का होऊ नये. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो, हे त्याला शीतलताईंच्या भिंतीवरच्या कागदावरून कळलं होतं. दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. "आईचे दूध की डबा? भव्य जाहीर चर्चा." वर नऊ पुरुषांचे फोटो. बाई एकही नाही. खाली निळ्या डोळ्यांचं परदेशी बाळ आणि बाळाच्या शेजारी पावडरचा डबा.

शीतलताईंनी फ्लेक्स पाहिला आणि तिथूनच इंद्रजितला फोन लावला. "डब्याची जाहिरात कायद्यानं बंद आहे. आधी तो डबा काढा."

फ्लेक्स पुन्हा छापायचा म्हणजे खटाटोप. इंद्रजितच्या माणसांनी डब्यावर कागद चिकटवला. तो पावसात निघाला, म्हणून मग त्या जागी झेंडूचा हार अडकवला. त्यामुळे ते परदेशी बाळ कुणाला तरी श्रद्धांजली वाहतंय असं दिसायला लागलं.

रविवारी दुपारी समाजमंदिर भरलं. बायका पोरं घेऊन मागे, पुरुष खुर्च्यांवर पुढे. स्टेजवर टेबल, टेबलावर डेअरीतून उचलून आणलेलं फॅटचं मशीन, त्याच्या मागे बहिरूभाऊ. चंद्रावहिनींनी त्यांना ठेवणीतला शर्ट घातला होता. तो दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा, त्यामुळे ते श्वास बेतानं घेत होते.

पहिले शंभूतात्या बोलले. वय अठ्ठ्याऐंशी. "मला आईनं चार वर्सं पाजलं. माझ्याकडं बगा!" सगळ्यांनी पाहिलं. तात्यांना स्टेजवर दोघांनी धरून आणलं होतं आणि दोघं अजून धरूनच होते. मग एकानं मोबाइल बघत अमेरिकेतल्या टक्केवाऱ्या वाचल्या. दुसरा म्हणाला, डब्याची पोरं लवकर इंग्रजी बोलतात, कारण डब्यावर सगळं इंग्रजीतच लिहिलेलं असतं. पन्नास मिनिटं झाली. शीतलताईंना पाच मिनिटं दिली होती, त्याची दोन झाली, आणि त्या दोन मिनिटांत त्यांचा नारळ देऊन सत्कार केला.

"आता शास्त्रीय निकाल!" इंद्रजितनं माईक घेतला. त्यानं स्नेहल आणि रेश्मा दोघींना आपापलं दूध ग्लासात घेऊन यायला सांगितलं होतं. दोघी न कुरकुरता हो म्हणाल्या, याचं मला तेव्हाच नवल वाटलं होतं. आता दोघींनी येऊन एकेक ग्लास टेबलावर ठेवला आणि बाजूला उभ्या राहिल्या. स्नेहलनं ओठ आवळून धरले होते.

बहिरूभाऊंनी पहिल्या ग्लासात नळी घातली. मशीन घर्र झालं. इंद्रजितनं चिठ्ठी वाचली. "स्नेहलवहिनी. फॅट दोन पॉइंट एक. पाणी... बावीस टक्के."

सगुणाबाई मागून ओरडल्या, "बगा! म्या म्हनत हुते, पातळ हाय!"

दुसरी चिठ्ठी. "रेश्मावहिनी. फॅट दोन पॉइंट एक. पाणी बावीस टक्के."

"डब्यात तर निस्तं पानीच!" लीलाबाई उठून उभ्या राहिल्या. दोघी जावा एकाच वेळी जिंकल्या होत्या आणि दोघींचा आनंद सभागृहात मावत नव्हता.

बहिरूभाऊ मात्र ग्लासाकडे बघत बसले होते. करंगळी पुढे गेली, थांबली, मागे आली. मग त्यांनी ग्लास उचलून नाकाशी धरला. एकदा. दुसरा ग्लास. पुन्हा पहिला.

"चेअरमन," ते ग्लासाला म्हणाले, "ह्ये बाईमानसाचं दूध न्हाई."

"म्हणजे डब्याचं?"

"डब्याचंबी न्हाई. जर्सी गाय हाय. आन् पानी बोअरचं हाय, खारट वास येतुया. वाडीत असलं खारट पानी एकाच बोअरला हाय."

ते कुणाच्या बोअरला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे इंद्रजितकडे बघायला लागले. इंद्रजितचं दूध डेअरीत येत नाही. तो बावधनच्या सोसायट्यांमध्ये काचेच्या बाटल्यांतून "शुद्ध देशी गाईचं दूध" विकतो.

रेश्मानं पिशवीतून रिकामी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. लेबल लोकांच्या बाजूला. "स्नेहलची बावधनची मावशी रोज घेती," ती म्हणाली. "आज आमी तिच्याकडनं आणली. आमचं दूध मशीनला घालायला आमी काय जनावरं हाय का?"

आधी बायका हसल्या. मग पुरुष. शंभूतात्यांना धरलेले दोघंही हसायला लागले, त्यामुळे तात्या जरा खाली घसरले. इंद्रजित म्हणाला की मशीन बिघडलंय. तेव्हा बहिरूभाऊ उठले. अठ्ठावीस वर्षांत ते माईकसमोर कधी उभे राहिले नव्हते. आधी त्यांनी माईकला करंगळी लावून पाहिली.

"मशीन बराबर हाय," ते म्हणाले. आवाज इतका मोठा आला की ते स्वतःच दचकले. "पन ह्ये काम मशीनचं न्हाई. गाईचं दूध पुरतंय का न्हाई त्ये आमी वासरू बगून सांगतो. वासरू उड्या मारतंय ना, मग झालं. आन् एखाद्या गाईला दूध न्हाई आलं, तर आपन वासराला बाटलीनं पाजतो. तिला कोन टोमणं मारतं का?"

"बायकांना गाई म्हनतुया ह्यो!" चंद्रावहिनी मागून गरजल्या.

"न्हाई, न्हाई! म्हंजी... गाय लई चांगली आसती!" बहिरूभाऊ गडबडले, शर्टाचं वरचं बटण तुटून मशीनवर पडलं, आणि ते खाली बसले. पण टाळ्या पडल्या. रेश्मा टाळ्या वाजवत नव्हती, डोळे पुसत होती. स्नेहलनं तिचा हात धरला होता.

मग शीतलताईंनी कुणालाही न विचारता माईक घेतला. झोळीचा काटा त्या बरोबरच घेऊन आल्या होत्या. तो त्यांनी स्टेजच्या हुकाला अडकवला आणि दोन्ही बाळं मागवली. सृष्टी सहा किलो दोनशे. ओम सहा किलो आठशे, आणि ओमनं झोळीतूनच इंद्रजितच्या पांढऱ्या पायजम्यावर धार धरली.

"दोन्ही बाळं वयाच्या मानानं छान आहेत," शीतलताई म्हणाल्या. "ज्यांना जमतं त्यांनी सहा महिने अंगावरचंच पाजा, त्यासारखं दुसरं नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारा. शेजाऱ्यांना नको."

चर्चा इथंच संपायला हवी होती. पण लीलाबाईंनी आकडा ऐकला होता.

"आठशे! माझ्या ओमचं जास्ती भरलं!" त्या जावेकडे वळल्या. "डब्यावरचं पोर हाय म्हटलं! डब्यात समदं मापात आसतंय!"

सगुणाबाई उसळल्या. "तुझा महिन्यानं मोठा हाय! आन् निसतं वजन म्हंजी काय? अंगावरच्या दुधाची ताकद येगळी! आमच्या स्नेहलचं चार पॉइंट दोन हाय, चिठ्ठी हाय माझ्याकडं!"

दोघींनी भर सभेत बाजू बदलल्या होत्या आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता. तिथून पुढे घरापर्यंत त्या भांडत गेल्या, लीलाबाई डब्याच्या बाजूनं आणि सगुणाबाई आईच्या दुधाच्या बाजूनं. सुना मागून बाळं घेऊन चालत होत्या. हसू आवरेना म्हणून त्या मधेमधे थांबत होत्या.

इंद्रजितनं पुढच्याच आठवड्यात बाटल्यांवरचं "शुद्ध" काढून "ताजं" केलं. रेश्माचे लाडू बंद झाले. आता लीलाबाई स्वतः पाणी उकळतात आणि पावडरचा चमचा सुरीनं सपाट करून घेतात, चिमूटभर इकडं-तिकडं झालेलं त्यांना चालत नाही. डेअरीत पाटी लागली: "येथे फक्त गाय व म्हैस." तरी दोन जणी फुलपात्रं घेऊन आल्याच. बहिरूभाऊंनी त्यांना शीतलताईंचा नंबर दिला.

रजा संपली आणि स्नेहल कामावर जायला लागली. बाटल्या भरून घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची. पण आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नसते. पहिल्या गुरुवारी सकाळी ती बाटल्यांचा डबा घेऊन डेअरीच्या दारात उभी राहिली, कारण वाडीत जनरेटर फक्त तिथंच.

"काका, तुमच्या छोट्या फ्रिजमध्ये हे ठेवलं तर चालेल का? आई दुपारी येऊन नेतील."

बहिरूभाऊंनी डब्याकडे पाहिलं, मग बऱ्याच वेळानं वर तिच्याकडे. "ठेव," ते म्हणाले. "वरच्या कप्प्यात ठेव, तितं गार जास्ती आसतं. आन् पोरगी कशी हाय?"

"पालथी पडायला लागली आता."

"आस्सं? लवकर पडली की," ते म्हणाले. ती गेल्यावर ते उठले, मागे जाऊन जनरेटरमध्ये डिझेल किती आहे ते पाहिलं, आणि मग कॅनची रांग घ्यायला परत आले.